उभा धूर

गोटाटोल्याच्या लोकांचं वाऱ्याशी भारी वाकडं होतं. उन्हाळा तोंडावर आला की ते घरात वारा शोधत फिरायचे, आणि सापडला की चिखल, चिंध्या, रबराची पट्टी, मिळेल ते कोंबून त्याचा जीव घ्यायचे. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण वैशाखात पारा पन्नाशीला टेकतो, न्याहारी व्हायच्या आत पंचायतीचा उष्म्याचा भोंगा कोकलायला लागतो, अशा गावात चार दिवस राहून बघा. मग नावं ठेवा.

या उन्हावर गावानं तोड काढली होती ती गारखोलीची. गाव ग्रॅनाइटच्या पहाडीवर वसलेलं, दोन हात खणलं की कुदळ ठणकायची. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या खडकाला शिव्याच दिल्या. खुशाल कापगते नावाच्या गवंड्याच्या मात्र डोक्यात आलं की हा गोटा आतून बाराही महिने थंड असतो. त्यानं स्वतःच्या घराखाली खडक फोडून खोली काढली, वर जाड झाकण, आत उतरायला पायऱ्या, आणि फट म्हणून ठेवली नाही. बाहेर जीव भाजून निघत असताना आत चादर अंगावर घ्यावी लागायची. बघता बघता गावात घरोघरी गारखोल्या झाल्या, आणि त्यानंतर गोटाटोल्यात उन्हानं माणूस दगावला नाही. पंचायतीनं खुशालला शाल-श्रीफळ दिलं. त्यानं ती शाल गारखोलीतच पांघरली, वर वापरायची सोय नव्हती.

होळी झाली की गावात धूरपाहणी व्हायची. खुशाल उदबत्ती घेऊन एकेका घरच्या गारखोलीत उतरायचा, झाकण लावून घ्यायचा आणि मधोमध उभा राहायचा. सगळे श्वास रोखून बघत. धूर सुतासारखा सरळ वर गेला की तो म्हणायचा, "उभा हाये." मग घरची बाई त्याच्या हातावर गूळ ठेवायची. धूर जरा जरी वाकला तरी कुठंतरी फट आहे असं समजायचं, आणि ज्याच्या घरी वाकला त्याची वर्षभर टिंगल. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा मुलगी बघायच्या आधी गारखोलीत उदबत्ती लावून बघत, असं म्हणतात. खरंखोटं त्या पाहुण्यांना माहीत.

निरंजना ही खुशालची बायको. अंगणवाडीत सेविका होती. खुशाल जाऊन पाच उन्हाळे झाले होते, तरी रोज दुपारी अंगणवाडीतून आली की ती खाली उतरायची, झाकण ओढून घ्यायची आणि लग्नाच्या फोटोखाली चटई टाकून बसायची. खोली झाली त्या दिवशी खुशालनं स्वतः तो फोटो तिथं टांगला होता. त्या खोलीत अजून त्याचा वास होता. ओल्या चुन्याचा, आणि कापूर घातलेल्या खोबरेल तेलाचा. खरं तर आता तो फार थोडा उरला होता, खुंटीवरच्या सदऱ्याजवळ नाक नेलं तरच लागायचा. म्हणून तर ती थंडीतही झाकण उघडं टाकत नसे. शेजारणी म्हणायच्या, जरा हवा खेळू दे गं, बुरशी लागेल. ती हो हो म्हणायची आणि पुन्हा झाकण लावायची. बुरशीचं काय, पुसता येते. वास गेला तर आणायचा कुठून?

खुशाल गेला तो फुप्फुसाच्या कर्करोगानं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, बिडी किती ओढता? खुशाल म्हणाला, कधीच नाही. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि असा हसला, की जणू हे उत्तर त्यानं दिवसभरात खूपदा ऐकलंय. गावातही तेच. तोंडावर कोणी बोललं नाही, पण माघारी सगळे म्हणायचे, लपून ओढत असणार, गवंड्याची जात, त्याशिवाय छाती अशी जळत नाही. निरंजनाला त्याचं काही वाटलं नसतं. तिला माहीत होतं आपला माणूस कसा आहे ते. तिला जाळत होती ती घरातली गोष्ट. त्यांची एकुलती लेक, ओवी, तिनंही तेच धरलं होतं.

धुणं करताना बापाच्या खिशात काडेपेटी सापडायची. उदबत्तीसाठी ठेवलेली, हे ओवीलाही माहीत होतं. पण आजार कळल्यावर ते माहीत असणं तिला पुरेना. नागपूरला शिकणारी पोर, बापावर जीव टाकणारी, तिला कोणावर तरी रागवायचं होतं. दवाखान्यात ती त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "बाबा, आता तरी खरं सांगा."  खुशाल छताकडे बघत म्हणाला, "ओवी, ते उदबत्तीची काडेपेटी हाये, माय." ओवीनं तोंड फिरवलं. त्यानंतर तो फारसं बोललाच नाही, आणि त्याच आठवड्यात गेला. ओवी तेराव्यानंतर नागपूरला निघून गेली ती लग्नाला सुद्धा माहेरच्या दारात आली नाही, मांडवही तिकडेच घातला गेला. फोन करायची, पण खालच्या खोलीचं नाव काढलं की कामाचं निमित्त काढून ठेवून द्यायची.

आणि आता ती येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज ओवीला नको होता, पण तिची सासू या बाबतीत ऐकेना. ती येणार होळीच्या सुमाराला, पण दिवस भरायचे वैशाखात. वर पत्र्याखाली अंगावरचं मूल ठेवणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं, त्यामुळे गारखोलीशिवाय गत्यंतर नव्हतं. निरंजनाला तर आनंदानं काही सुचेना. तिनं मनाशी पक्कं केलं, नातवंडाचा पाळणा त्याच्या आजोबानं फोडलेल्या खोलीतच हलवायचा. त्या वासात पोर चार दिवस राहिली की तिचा बापावरचा राग आपोआप विरघळेल, असं तिला वाटत होतं.

याच दिवसांत गावात तरन्नुम शेख नावाची बाई आली. घरांच्या हवेची पाहणी करणाऱ्या सरकारी पथकातली. तिनं पंचायतीच्या भिंतीवर चित्रं लावली, भोंग्यावरून सभा पुकारली, सभेला चहा ठेवला. लोक चहापुरते आले. ती सांगत होती की तुमच्या खडकातून एक वायू निघतो, रेडॉन त्याचं नाव, त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मागून कोणीतरी म्हणालं, मग त्यापेक्षा भूत बरं, निदान पैंजण तरी वाजवतं. सगळी सभा हसली आणि पांगली.

निरंजनानं तिला घरी जेवायला बोलावलं. पोर परक्या गावात उपाशी राहील म्हणून, दुसरं काही नाही. तरन्नुमला ऐकून घ्यायची सवय होती आणि निरंजनाला सांगायला माणूस हवंच होतं. खुशालनं खोली कशी काढली, त्याला शाल कशी मिळाली, डॉक्टर कसा हसला, काडेपेटी, ओवी, सगळं तिनं सांगितलं. तरन्नुमचा हात ताटातच थांबला होता. मग तिनं विचारलं, "काकू, त्या खोलीत पहिल्यापासून असलेली एखादी काच आहे का? आरसा, फोटो, काहीही."

निरंजनानं खालून लग्नाचा फोटो आणून त्याची काच सोडवली. तरन्नुमकडे डब्याएवढं एक यंत्र होतं. काचेवर पालथं ठेवायचं आणि थांबायचं. थांबता थांबता तिनं समजावून सांगितलं, आणि या खेपेला ऐकणारी हसणारी नव्हती. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, किंचित, पण असतं. ते युगानुयुगं फुटत राहतं, त्यातून रेडियम होतं आणि रेडियममधून हा रेडॉन वायू सुटतो. उघड्यावर तो वाऱ्यात मिसळून जातो, कोणाचं काही बिघडवत नाही. पण खडकात खोली खणली आणि तिच्या सगळ्या फटी बुजवल्या, तर तो आत साचत जातो. तो स्वतःही टिकत नाही, थोड्या दिवसांत फुटतो, आणि मग मागे राहतात त्याचे बारीक घन कण. ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथं फुटत बसतात. दर वेळी फुप्फुसाच्या पेशीवर एक टोला. दुखत नाही, ठसकाही लागत नाही. वर्षं लोटल्यावर एखाद्या पेशीचं डोकं फिरतं.

"प्रत्येकालाच होतो असं नाही," ती म्हणाली. "बिडी ओढणाऱ्याला धोका कैक पटींनी जास्त. पण न ओढणाऱ्यांनाही होतो. जगभर होतो."

काचेची गंमत अशी की तेच कण फुटताना काचेच्या कातडीत घुसतात आणि आत अडकून बसतात. वरून कितीही पुसा, ते जात नाहीत. खोलीतली हवा बदलली, माणसं गेली, तरी काच वर्षानुवर्षं विसरत नाही. पूर्वी अशी काच तपासायला प्रयोगशाळेत न्यावी लागायची, हे नवं यंत्र घरबसल्या वाचतं, एवढाच काय तो फरक.

यंत्रानं आकडा दाखवला. तरन्नुमनं काचेची दुसरी बाजू तपासली, मग तिसऱ्यांदा जागा बदलून बघितलं. तिनं आकडा सांगितला नाही. सुरक्षित म्हणतात त्याच्या किती वर आहे तेवढं सांगितलं.

"एका माणसाला नेमकं कशानं झालं, हे शपथेवर कोणीच सांगू शकत नाही काकू. मीही नाही," तरन्नुम म्हणाली. "पण या हवेत जो रोज झोपायचा, गावभरच्या अशा खोल्या फोडायचा, त्याला बिडीची गरज नव्हती."

निरंजना रडली ते आधी आनंदानंच. हातात ती काच घेऊन बसली आणि तिला एकच वाटलं, की आत्ताच्या आत्ता पायऱ्यांवरून हाक मारावी, अहो, ऐकलंत का, तुम्ही खरं बोलत होतात! काच बोलली! सांगायला तोच तेवढा नव्हता. आणि मग हळूहळू दुसरी बाजू मनात उतरली. त्याला मारलं ते त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या खोलीनं. आणि तसली खोली त्यानं सगळ्या गावाला शिकवली होती. डोक्यावरचा एक कलंक गेला तो दुसरा देऊन, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जड होता.

तरन्नुमनं उपाय सांगितला तोही अगदी साधा. खोली बुजवायची गरज नाही, उन्हात मरायचीही गरज नाही. फरशीखाली भोक पाडून पाइप घालायचा, तो छपराच्या वर न्यायचा, त्याला छोटा पंखा लावायचा. खडकातला वायू खोलीत यायच्या आधीच ओढून बाहेर जातो. शिवाय झाकणाला एक झरोका. गारवा थोडा कमी होईल, एवढंच.

हेमराजला हे कळायला वेळ लागला नाही. हा खुशालचा जुना जोडीदार, त्याच्यामागं धूरपाहणी आता हाच करायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडात कायम बिडी. तो संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला. वहिनी, तुमच्या घरी पाइप टाकून देतो, उद्याच, कोणाला न सांगता, असं म्हणाला. ओवीबाई बिनघोर बाळंत होऊ दे. पण गावात बोलू नका. ज्या माणसानं गावाला उन्हातून वाचवलं, त्याच्यामुळं लोक मेले असं उद्या पोरंसोरं म्हणतील. फोटोलाही नवी काच आणून देतो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "भाऊच्या नावाले बट्टा लावू नका."

निरंजनाला मोह झाला, का होऊ नये? आपली लेक वाचते, नवऱ्याचं नाव वाचतं, बोलायचंही काही नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत दुपारचा भात झाला आणि तिनं रोजच्यासारखं पोरांना झोपायला गारखोलीत उतरवलं. अंगणवाडीची गारखोली खुशालनं फुकट बांधून दिली होती, गावातली सगळ्यात गच्च. पोरं ओळीनं आडवी झाली, एकेकाचं पोट खालीवर व्हायला लागलं. तिनं झाकणाला हात घातला आणि तो हात तिथंच राहिला. त्या दुपारी पोरं शिंदीच्या सावलीत ओल्या गोणपाटांवर झोपली, आणि तिनं विचारणाऱ्यांना सांगितलं की खाली विंचू निघाला.

ओवी आली ती पोट सांभाळत, गाडीतून एकेक पाय टाकत. आईला बिलगली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली. आणि खाली जायची वेळ आली तशी ओट्यावरून हलेना. निरंजनानं तिला खाली नेलंच नाही. काच घेऊन आली आणि तिच्या मांडीवर ठेवली. जे तरन्नुमनं सांगितलं होतं ते सगळं, तिला जसं समजलं तसं, लेकीला सांगितलं. खडक, वायू, फटी, छाती. काही लपवलं नाही, बापाच्या हातून काय घडलं तेही नाही.

ओवी काचेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती उदबत्तीचीच काडेपेटी होती."

"हो गं माय."

"मी तोंड फिरवलं, आई."

 निरंजना लेकीचं डोकं छातीशी धरून बसली. पाच वर्षं जे रडणं दोघी दोन गावांत वेगवेगळं रडल्या होत्या, ते त्या दिवशी एका ओट्यावर झालं. मग ओवीनंच डोळे पुसले आणि विचारलं की गावात कोणाला सांगितलंस का. आईनं हेमराजचं म्हणणं सांगितलं. ओवी म्हणाली, बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं, एवढंच सांग. निरंजनाला हसू आलं. तो असता तर आज सकाळीच कुदळ घेऊन अंगणवाडीत शिरला असता, कोणाला विचारलंही नसतं.

धूरपाहणीचा मान अजूनही खुशालच्या घराचा. पहिली उदबत्ती तिथं लागायची, मग गावात. अर्धं गाव अंगणात जमलं, तरन्नुमही आली. हेमराज आत उतरला, मागोमाग मावतील तेवढे लोक. झाकण लागलं, उदबत्ती पेटली, धूर सुतासारखा वर गेला. हेमराज रिवाजाप्रमाणे बोलला, उभा हाये. आणि गुळासाठी हात पुढं केला.

निरंजनाच्या हातात गूळ नव्हता, काच होती.

"धूर उभा राह्यला, म्हणून माझा माणूस आडवा झाला," ती म्हणाली.

मग ती तिथंच, त्या गच्च खोलीत बोलली. सभेत तरन्नुमनं सांगितलेलंच, पण गावच्या बोलीत. म्हणाली की आपण वाऱ्याला चोर समजून बाहेर काढलं आणि खरा चोर आत कोंडून घेतला. खुशालनं गावाला उन्हातून वाचवलं हे खरंच आहे, ते कोणी पुसू शकत नाही. चुकला तोही खरा. त्याला ठाऊक नव्हतं, आपल्याला आता ठाऊक आहे, यापुढं जो फट बुजवेल त्याची चूक त्याची. "त्याच्या नावाची लाज वाटत असेल तर मले वाटू द्या," ती म्हणाली. "तुम्ही आपापली पोरं बघा." आणि झाकण आतून वर ढकललं.

कोणी हसलं नाही. कोणी लगेच हो सुद्धा म्हटलं नाही, गाव आहे, असं चुटकीसरशी वळत नाही. दोघंतिघं कुरकुरत गेले. पण अंगणात उभ्या असलेल्या बायांपैकी एकीनं आपल्या देव्हाऱ्यातली तसबीर आणून तरन्नुमपुढं धरली, मग दुसरीनं आरसा आणला, आणि ऊन चढेपर्यंत निरंजनाच्या ओट्यावर काचांची रांग लागली. हेमराज एका बाजूला बसून होता. त्यानं कानावरची बिडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि तरन्नुमला विचारलं की कैक पटींनी म्हणजे नेमकं किती. उत्तर ऐकून ती बिडी त्यानं पायाखाली चिरडली. त्याला पुढं जमलं की नाही ते वेगळं, पण त्या दिवशी तरी चिरडली.

पहिला पाइप अंगणवाडीत पडला. दुसरा निरंजनाच्या घरी, ओवीसाठी. खुशालनं घासून गुळगुळीत केलेल्या फरशीवर हेमराजनंच भोक पाडायला गिरमिट लावलं, आणि लावायच्या आधी वाकून फरशीला हात लावून नमस्कार केला. झाकणाला झरोका झाला. पंखा घरघरला. निरंजनानं उदबत्ती लावली, तर धूर क्षणभर उभा राहिला आणि मग अंग मोडून झरोक्याकडे वाकत वाकत निघून गेला. हेमराज सवयीनं उभा म्हणायला गेला आणि थांबला. मग म्हणाला, "वाकला." निरंजनानं त्याच्या हातावर गूळ ठेवला.

सगळे गेल्यावर ती खुंटीपाशी गेली. सदऱ्यात नाक खुपसलं. नुसत्या कापडाचा वास आला, आणि उदबत्तीचा. पुन्हा हुंगलं, काखेपाशी, कॉलरपाशी. काही नाही. हे होणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, यासाठीच तर तिनं इतकी वर्षं झाकण जपलं होतं. माहीत असणं वेगळं आणि रिकामा सदरा हातात धरणं वेगळं.

ऊन उतरल्यावर ती शिडीनं छपरावर चढली. पाइपाचं तोंड हातभर वर आलं होतं, त्यातून खडकातली, आणि तिच्यासोबत थोडी खोलीतलीही, हवा सावकाश बाहेर पडत होती आणि तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात मिसळत होती. तरन्नुमनं बजावलं होतं की तोंडाशी उभं राहायचं नाही. निरंजना उभी राहिली. डोळे मिटले आणि एकच श्वास घेतला, खोल, बायकोनं नवऱ्याचा घ्यावा तसा.

खालून ओवीनं हाक मारली. शिडीपाशी उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर.

"आई, काय करून राहिली वर?"

"काही नाही. तुझे बाबा चालले, त्यांना बघून राहिले."

 ओवीनं वर मान करून हळूच विचारलं, "वास आला?"

"आला. थोडासाच."

"कसला?"

निरंजनानं पदरानं डोळे टिपले. "चुन्याचा आला. कापराच्या तेलाचा आला," ती म्हणाली. "बिडीचा नाही आला, माय."

मग ती शिडीला धरून खाली उतरायला लागली, आणि ओवीनं खालून शिडी घट्ट धरली.